लॅपटॉप, क्लाउड अकाउंट आणि तीन महिन्यांत चिप: या मेसेजमधलं खरं किती?

काही आठवडे एक मेसेज फिरतोय. ‘चिप डिझाइनला आता कंपनी नको, सर्व्हर नको. लॅपटॉप आणि क्लाउड अकाउंट पुरे. आर्मने सगळं ॲमेझॉनवर हलवलं. क्लाउडवर लायसन लागत नाही, सॉफ्टवेअर सरकार सगळ्यांना फुकट देतं. हजार मशीन लावा, महिन्याचं काम तासात. उरलेलं एआय सहा तासांत करतं. तीन महिन्यांत स्वतःची चिप टेपआउट करा!’ खाली एका क्लासचा नंबर. (क्लाउड म्हणजे ॲमेझॉनसारख्या कंपनीची भाड्याने मिळणारी मशीन. आर्म ही प्रोसेसरचे आराखडे विकणारी कंपनी. टेपआउट म्हणजे तयार डिझाइन फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवणं.) दोन-तीन ग्रुपवर दिसला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. मग सांगलीहून दाजींनी तोच पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पोरीसाठी साठ हजार भरतोय, एकदा नजर टाक.’ भाची ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी पुण्यात चिप डिझाइन करणाऱ्या टीमसाठी सर्व्हर, स्टोरेज आणि लायसन सांभाळते. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेते: ‘क्लाउडवर लायसन लागत नाही.’ साफ खोटं. मशीन पुण्यातल्या आमच्या खोलीतलं असो की ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधलं, सिनॉप्सिस, केडन्स किंवा सीमेन्सचं टूल, म्हणजे चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर, सुरू झालं की आधी लायसन सर्व्हरचं दार ठोठावतं. मोकळं लायसन असेल तर काम पुढे सरकतं, नाहीतर तिथेच थांबतं. आमच्याकडे व्हेरिफिकेशनची, म्हणजे डिझाइन तपासणारी, मंडळी रात्री रिग्रेशन लावतात, म्हणजे सगळ्या टेस्ट पुन्हा चालवतात, आणि हजारो टेस्ट एलएसएफच्या (मशीनवर कामं वाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) क्यूमध्ये जाऊन पडतात. सकाळी फोन येतो, ‘जॉब पेंडिंग आहेत, मशीन वाढवून द्या.’ मी आधी एलएमस्टॅट मारते, म्हणजे किती लायसन वापरात आहेत ते बघते. बहुतेक वेळा दिसतं ते एकच: विकत घेतलेली लायसन जितकी, वापरात तितकीच, आणि फार्ममध्ये, म्हणजे आमच्या सर्व्हरच्या ताफ्यात, शेकडो प्रोसेसर कोअर रिकामे. अशा वेळी क्लाउडवरून आणखी हजार मशीन आणली तरी रिकामी मशीन तेवढी वाढतील आणि त्यांचं बिल येईल. मशीनपेक्षा टूल महाग, हे या धंद्यातलं रोजचं गणित आहे. शिवाय लायसन फाइल एका ठरावीक मशीनच्या होस्ट आयडीला बांधलेली असते. क्लाउडवर ते मशीन मोडून नवीन उभं केलं की नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलतो आणि लायसन सर्व्हर उठतच नाही. तो पत्ता टिकवायची सोय आधीपासून करून ठेवावी लागते. ‘लागत नाही’ म्हणणाऱ्याने हे काम एकदाही केलेलं नाही.

मग ‘लायसन लागत नाही’ म्हणणारा क्लास मुलांना शिकवतो कशावर? क्लासचा टूल कंपनीशी रीतसर करार असेल तर लायसन आहे, आणि मेसेज खोटा. करार नसेल तर ते क्रॅक केलेलं टूल आहे. आई-वडिलांनी फी भरण्याआधी एवढंच विचारावं: लायसन कोणाच्या नावावर आहे, कागद दाखवा. कारण कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ बी टूल विकणाऱ्यापुरतं नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही जो ती संगणकावर वापरतो, त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण गुन्हा गुन्हाच राहतो. बावीस वर्षांच्या मुलीने क्लासच्या भरवशावर हे का अंगावर घ्यावं?

‘सरकार फुकट देतं’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. बंगळुरूच्या सी-डॅकमध्ये चिपइन सेंटर आहे. चिप्स टू स्टार्टअप आणि डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह या योजनांमधून तिथली टूल्स देशभरातल्या शिक्षणसंस्थांना आणि मंजूर झालेल्या स्टार्टअपना दुरून वापरता येतात. चांगलं काम आहे, मी स्वतः ओळखीच्या प्राध्यापकांना ते सुचवते. पण प्रवेश संस्थेला मिळतो, घरी बसलेल्या व्यक्तीला नाही. भाचीला ही टूल्स हवी असतील तर रस्ता तिच्या विभागप्रमुखांच्या केबिनमधून जातो: कॉलेज योजनेत आहे का, नसेल तर अर्ज करता येईल का. त्यासाठी क्लासची फी लागत नाही.

टूल मिळालं तरी भागत नाही. कोणत्या फॅबमध्ये चिप बनणार त्या फॅबचं पीडीके लागतं, म्हणजे तिथल्या ट्रान्झिस्टरची मॉडेल्स आणि डिझाइनचे नियम. प्रगत नोडचं, म्हणजे सगळ्यात बारीक ट्रान्झिस्टरच्या तंत्राचं, पीडीके गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय कोणी देत नाही, आणि ते कुठल्या सर्व्हरवर ठेवायचं, कोणाला दिसेल, याच्याही अटी असतात. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, केडन्स आणि सिनॉप्सिसला बरोबर घेऊन क्लाउडवरच्या डिझाइनसाठी खास व्यवस्था जाहीर केली, ती याचसाठी. कोणीही अकाउंट उघडावं आणि फाइल चढवावी, असा तो प्रकार नाही.

आर्मबद्दल. डिसेंबर २०२० ची घोषणा खरी आहे, पण ती वाचून पुढे पाठवणारा अजून मला भेटलेला नाही. तिच्यात म्हटलं आहे की ॲमेझॉनवरचं स्थलांतर पूर्ण होईल तसं आर्म स्वतःच्या जागेतलं कंप्यूट (गणनेची यंत्रणा) ८० टक्क्यांनी आणि जगभरातला डेटा सेंटरचा पसारा किमान ४५ टक्क्यांनी कमी करण्याचा विचार करते आहे. आकडे मोठे आहेत, हे नाकारत नाही. पण ही योजना होती, आणि त्या योजनेतही ‘सगळं’ नव्हतं. ॲमेझॉनची ग्रॅव्हिटॉन चिप आर्मच्याच कोअरच्या डिझाइनवर बनते, तेव्हा या घोषणेत दोघांचाही धंदा होता, हेही ध्यानात ठेवावं.

‘हजार मशीन, महिन्याचं काम तासात’ हे काही कामांना लागू पडतं. २०१९ मध्ये एएमडीच्या १३०० कोटींहून जास्त ट्रान्झिस्टरच्या एका ग्राफिक्स चिपची नियम-तपासणी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चार हजारांहून जास्त कोअर लावून सुमारे दहा तासांत झाली. अशी तपासणी तुकडे पाडून वाटता येते. रिग्रेशनही तसंच, प्रत्येक टेस्ट स्वतंत्र. पण प्लेस अँड राउटला, म्हणजे चिपवर भाग बसवून तारा जोडण्याला, शेकडो जीबी मेमरीचं एकच मशीन कित्येक दिवस लागतं, तिथे हजार मशीन काय करणार? ॲमेझॉनचं ७६८ जीबीचं आर५ मशीन अमेरिकेतल्या दराने तासाला सहा डॉलरच्या आसपास पडतं. महिनाभर चालू राहिलं तर ४,३०० डॉलर, साडेतीन लाख रुपयांच्या वर, तेही टूलचा एक पैसा न धरता. वडिलांचं कार्ड जोडून मशीन उभं केलं आणि बंद करायचं राहिलं, तर हे बिल घरी येणार. स्वस्त म्हणून स्पॉट मशीन, म्हणजे ॲमेझॉनकडे शिल्लक पडलेलं मशीन, घ्यावं, तर ॲमेझॉन दोन मिनिटांच्या सूचनेवर ते काढून घेऊ शकतं. मधली स्थिती सेव्ह केली नसेल तर तीन दिवसांचा जॉब पहिल्यापासून. त्यात डेटा पुण्यात आणि मशीन हैदराबादला असेल तर लाखो बारीक फाइलींपैकी प्रत्येक उघडायला तेवढा फेरा पडतो, आणि निकाल क्लाउडबाहेर आणायचे पैसे वेगळे.

एआयवर फार वेळ घालवत नाही. ‘सहा तास’ हा आकडा गूगलच्या संशोधकांच्या जून २०२१ च्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या लेखातून आलेला आहे. त्यात चिपवर मेमरीसारखे मोठे ब्लॉक कुठे बसवायचे, एवढाच टप्पा आहे. त्या दाव्यावरही या क्षेत्रात बरेच वाद झाले. आरटीएल (चिपचं काम सांगणारा कोड) लिहिणं, ते तपासणं, टायमिंग जुळवणं, साइनऑफ (फॅबला देण्याआधीची शेवटची तपासणी) यातलं काहीच त्या सहा तासांत नाही. सिनॉप्सिस आणि केडन्सची एआय टूल्स उपयोगी आहेत, पण ती एकाच ब्लॉकचे अनेक प्रयोग एका वेळी चालवतात. मशीन आणि लायसन उलट जास्तच लागतात.

राहिलं ‘तीन महिन्यांत टेपआउट’. टेपआउट म्हणजे फॅबला फाइल देणं. चिप हातात यायला त्यापुढे आणखी काही महिने जातात. विद्यार्थ्यांना परवडणारा एक मार्ग होता ई-फॅबलेसची सामायिक शटल, म्हणजे अनेकांची डिझाइन एकत्र बनवून खर्च वाटून घेणं. ती कंपनी मार्च २०२५ मध्ये बंद पडली. टायनी टेपआउट ही तशीच दुसरी सोय मात्र सुरू आहे. लॅपटॉपवर शिकायचं असेल तर स्कायवॉटरचं १३० नॅनोमीटरचं पीडीके २०२० पासून खुलं आहे, जर्मनीच्या आयएचपी या संशोधन संस्थेचंही खुलं आहे. ओपनलेन, मॅजिक, केलेआउट, एनजीस्पाइस ही डिझाइनची टूल्स, सगळं फुकट आणि कायदेशीर. छोटा काउंटर किंवा यूएआरटी (डेटा पाठवणारं साधं सर्किट) व्हेरिलॉग कोडपासून जीडीएसपर्यंत, म्हणजे फॅबला द्यायच्या फाइलपर्यंत, १६ जीबीच्या साध्या लॅपटॉपवर नेता येतो. भाचीने त्यापासून सुरुवात करावी. त्याला ना क्लाउड अकाउंट लागतं, ना साठ हजार.