वेळ माळ्यावर नाही ठेवलेला

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक वाक्य येतंच, "तुमचं तिकडे बरंय बाई, वेळच वेळ." म्हणणं असं की मी श्टुटगार्टला बसून गोधड्या शिवते, त्यांचे फोटो टाकते, आणि तिकडे ठाण्यात वहिनीला दिवाळी अंकासाठी एक कथा पुरी करायला फुरसत नाही, म्हणजे जर्मनीच्या हवेतच काहीतरी असणार. लगेच दुसरी पार्टी उठते, अगं तिला तिकडे बाई नाही, भांडी स्वतः, बाथरूम स्वतः, तरी जमतं, तुमच्याकडे दोन-दोन बाया येतात, तुम्हालाच नियोजन जमत नाही. मग कोणीतरी घर आवरायचा व्हिडिओ टाकतं, एकसारखे डबे, डब्यांवर लेबलं, ड्रॉवरमधे उभ्या घड्या केलेले कपडे, आणि सगळे अंगठ्याचा इमोजी टाकून आपापल्या कामाला लागतात.

मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत आणि तो व्हिडिओ तर अजिबातच पटत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी इकडचं सांगते. इथे वेळ मिळतो हे खरं आहे, पण तो मी घर फार छान लावलंय म्हणून नाही. तो बाहेरून कुंपण घालून दिलेला असतो. रविवारी दुकानं बंद म्हणजे खरंच बंद, बेकरी सकाळी काही तास उघडी आणि स्टेशनवरचं, पेट्रोलपंपावरचं काय मिळेल ते. आणि ही कोणा मंत्र्याची लहर नाही, रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून जपायचा हे त्यांच्या राज्यघटनेतच आहे, 1919 च्या वायमार घटनेतलं कलम 1949 मधे नवीन घटनेत तसंच घेतलं. रविवारी गवत कापायचं मशीन लावायचं नाही, भिंतीला ड्रिल मारायचं नाही. माझ्या शिलाई मशीनखाली पण जाड फोम आहे, खालच्या मजल्यावरच्या आजींना आवाज जाऊ नये म्हणून. पण त्याचा फायदा असा की त्या दिवशी ना कुठे जायचं असतं ना कोणी येणार असतं, बाजारहाट नाही, कुरिअर नाही, आणि दुपारी चार तास सुई हातात धरून बसलं तरी आपण काहीतरी चुकवतोय असं वाटत नाही.

दुसरं म्हणजे रात्रीचं जेवण. इकडच्या बऱ्याच घरांत संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी-टोमॅटो, बास, त्याला आबेंडब्रोट म्हणतात, आणि गॅस पेटतच नाही. सुरुवातीला मला हे जेवण म्हणजे शिक्षा वाटायची, अजूनही आठवड्यातून निम्म्या दिवशी मी वरणभात लावतेच, पण ज्या दिवशी लावत नाही त्या दिवशी सात ते नऊ हे दोन तास मोकळे मिळतात. हे कोणत्याही लेबलवाल्या डब्याने मिळणार नाहीत.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे जिना झाडायची पाटी. आमच्या या श्वाबेन भागात केहरवोखे नावाचा प्रकार आहे, बाहेरचे जर्मन लोक पण त्यावर हसतात. आठवड्याची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकते, त्याने जिना, तळघराचा पॅसेज, काही बिल्डिंगांमधे फुटपाथ सुद्धा झाडायचा, आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. आता झाडायला किती वेळ लागतो, फार नाही. पण ज्या आठवड्यात पाटी माझ्या दारावर नाही त्या आठवड्यात जिना स्वच्छ आहे का नाही हा विचार माझ्या डोक्याला शिवत पण नाही. कोणी मला "तू फक्त सांग, मी करतो" असं म्हणत नाही, कारण सांगायचं काम पण माझं नसतं. (1968 पासून मुंबई आणि श्टुटगार्ट ही जोडशहरं आहेत, इतक्या वर्षांत आपण त्यांच्याकडून ही एक पाटी आणायला हवी होती असं मला फार वाटतं.)

आता ठाणे. वहिनी तीन दिवस वाशीला ऑफिसला जाते, दोन दिवस घरून काम. घरून कामाच्या दिवशी दादा आणि भाची बाहेर पडले की तिचा वेळ सुरू होतो असं अख्ख्या घराला वाटतं. मी सुट्टीत तिकडे होते तेव्हा तिच्या शेजारी बसून पाहिलंय. लॅपटॉप उघडला, ऑफिसचं एक काम संपवलं, मधे अर्धा तास मिळतोय म्हणून कथेची फाइल उघडली, की बेल. भांडीवाल्या मावशी. मग गेटवरून फोन, कुरिअर सोडू का वरती. मग इस्त्रीवाला, कपडे मोजून द्यायचे, मागच्या वेळची एक ओढणी राहिलीय ती विचारायची. आई आतून हाक मारते, अगं माझा चष्मा. भाचीच्या शाळेच्या ग्रुपवर उद्या पिवळा टी-शर्ट. कोथिंबीर संपली, मागव, दहा मिनिटांत येते, आली, बेल. आणि हे दहा मिनिटांचं प्रकरण मला तर वेळखाऊच वाटतं, कारण पूर्वी आठवड्याची यादी एकदाच व्हायची, आता यादी होतच नाही, दिवसभर एकेक वस्तू आठवते आणि एकेक बेल वाजते. प्रत्येक गोष्ट दोन मिनिटांची. पण कथा लिहायला दोन-दोन मिनिटं चालत नाहीत, ते विरजण असतं, दर दोन मिनिटांनी कोणी चमचा घालून बघितलं तर लागत नाही.

आणि गंमत अशी की तिची मागची कथा बरीचशी ठाणे-वाशी गाडीत झाली. मोबाइलवर, बसायला मिळालं तर बसून, नाहीतर दाराच्या बाजूच्या पार्टिशनला टेकून. लेडीज डब्यात शेजारी एक जण गवार निवडतेय, दुसरी क्रोशा विणतेय, कोणी जपमाळ, कोणी डोळे मिटून. एवढ्या गर्दीत तिला लिहिता येतं आणि दोन बेडरूमच्या घरात येत नाही, कारण त्या अर्ध्या तासात तिला चष्मा कुठे आहे हे कोणी विचारू शकत नाही. माझा रविवार आणि तिची ट्रान्सहार्बर, म्हणजे ती ठाणे-वाशी लोकल, हिशेब सारखाच आहे.

म्हणून जेव्हा कोणी म्हणतं ठाण्यात सोयी नाहीत तेव्हा मला हसू येतं. अहो, सोयींच्या बाबतीत आमचं श्टुटगार्ट ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या पासंगालाही पुरणार नाही. गल्लीगल्लीत पोळीभाजी केंद्र आहे, घडीच्या पोळ्या, मऊ, संध्याकाळी गरम, भाजी पाव किलोच्या पिशवीत, उपासाला वरीचे तांदूळ. मला इथे कोणी हे दिलं तर मी दारात तोरण लावीन. पण तिकडे ते घ्यायचं तर कसं, पाहुणे आले म्हणून, गॅस संपला म्हणून, बरं नव्हतं म्हणून. मला कथा लिहायचीय म्हणून आज पोळ्या केंद्रातून आणल्या, असं म्हणणारी एक बाई मला आमच्या नात्यात दाखवा. आजारपण हे कारण चालतं, कथा हे कारण चालत नाही. आणि पोळी विकतची आहे हे ताटात पडल्याबरोबर ओळखून दाखवणारा घरातला पुरुष, त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

बायांबद्दल मात्र एक बोलते. इकडे साफसफाईला कोणाला बोलवायचं तर 2025 मधेच कायद्याने तासाला किमान 12.82 युरो द्यावे लागत होते, म्हणून आम्ही मुकाट्याने स्वतः घासतो. तिकडे घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालीच महाराष्ट्रात झाला, पण आमच्या बिल्डिंगमधे मावशींना महिन्याला किती सुट्ट्या द्यायच्या यावर परवापरवापर्यंत जिन्यात तावातावाने चर्चा व्हायची. त्यामुळे बाई आहे तर तुला वेळ का नाही असं वहिनीला विचारणाऱ्यांनी आधी तो वेळ कोणाचा घेतोय ते पण बघावं. आणि तसंही बाई येणार का, नाही आली तर काय, किती वाजता, कुठली भांडी आधी, हे सगळं डोक्यात कोण ठेवतं? वहिनीच.

जानेवारी 2025 मधे एल अँड टी कंपनीचे प्रमुख सुब्रमण्यन आठवड्याला 90 तास कामाचं बोलले आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असं काहीसं म्हणाले, त्याआधी 2023 मधे इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे 70 तास होतेच, तेव्हा आमच्या ग्रुपवर महाभारत झालं. दादा तर फार चिडला होता, माणसाला घर आहे का नाही वगैरे. सगळं बरोबर. पण त्या अख्ख्या भांडणात घरातले तास कोणी मोजलेच नाहीत. केंद्र सरकारचं 2024 चं वेळ-वापर सर्वेक्षण आहे, त्यात घरचं बिनपगारी काम बायका दिवसाला 289 मिनिटं करतात आणि पुरुष 88. ते 88 पण जे पुरुष हात लावतात त्यांची सरासरी, जे लावतच नाहीत ते धरलेले नाहीत. 2019 ला हेच आकडे 299 आणि 97 होते, म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ. मिक्सर, वॉशिंग मशीन, अ‍ॅप, सगळं येऊन.

जर्मनी काही स्वर्ग नाही. इथल्या 2022 च्या सर्वेक्षणात बायकांचं बिनपगारी काम आठवड्याला साधारण 30 तास आणि पुरुषांचं 21 च्या आसपास. मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यात मुलाबाळांचं सगळं धरलंय, तेव्हा रेघ मारून तुलना करू नका. पण तरी वहिनीचे 289 गुणिले सात करून बघा, 34 तासांच्या जवळ जातात. माझ्या आणि तिच्या दिवसात फरक आहे तो तिच्या-माझ्या हुशारीचा नाही, तो मुख्यतः आमच्या नवऱ्यांचा आहे. माझ्या नवऱ्याला कपडे मशीनला लावायला कोणी सांगत नाही. तो पुण्याचाच आहे, जन्मतः काही वेगळा नव्हता, इथे हाताशी दुसरं कोणी नाही म्हणून झाला.

आता आवराआवरीचा मुद्दा. मी आवरण्याच्या विरुद्ध नाहीये. माझी प्रत्येक गोधडी वेगळ्या कापडी पिशवीत असते, त्यात तिचेच तुकडे, तिचाच दोरा, सुई ओवलेली, कारण दहा मिनिटं मिळाली तर ती सुई शोधण्यात जाऊ नयेत. एवढं पुरतं. पण त्या व्हिडिओंमधलं जे रात्री सगळं जागच्या जागी ठेवून झोपायचं ते तंत्र आहे ना, ते करणाऱ्या माणसाच्या मुळावर येतं. अर्धवट काम पसरलेलंच राहायला हवं. माझी आई शिवायची तेव्हा मशीन जेवणाच्या टेबलावर असायचं, आठ वाजले की ते जड मशीन उचलून खाली, सगळे तुकडे गोळा, टाचण्या वेचायच्या, ताटं मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी परत सगळं वर. मांडामांड आणि उचलाउचल यातच तिचा अर्धा वेळ गेला असेल, आणि मग एक दिवस ते मशीन माळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

ते आत्ता खाली आलं, कारण आमची नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि घरचे भाड्याने ढोकाळीला राहायला गेले. माळा रिकामा करताना मशीन निघालं, दादाची कॉलेजची ड्रॉइंगची बोर्डं निघाली, वहिनीच्या माहेरहून आलेली हार्मोनियम निघाली, भाता उंदरांनी कुरतडलेला. सगळ्यांनी फोटो काढले, हळहळले, आणि नवीन घरात माळाच नाही तर हे ठेवायचं कुठे म्हणून वाद सुरू झाला. मला वाटतं वाद चुकीच्या गोष्टीवर चाललाय. नवीन फ्लॅटच्या प्लॅनमधे टीव्ही युनिटला आख्खी भिंत आहे, वॉर्डरोबला भिंत आहे, वॉशिंग मशीनला ड्राय बाल्कनी आहे, आईच्या देवघराला कोनाडा आहे आणि तो हवाच. वहिनीच्या लिहिण्याला काय आहे? तर इंटिरियरवाल्याने भिंतीला फोल्डिंग टेबल सुचवलंय, काम झालं की बंद, दिसणार पण नाही.

फोल्डिंग नको असं मी स्पष्ट लिहिलंय. हॉलच्या खिडकीशी साडेतीन फुटांचं पक्कं टेबल, ज्यावर कोणी जेवणार नाही, इस्त्रीचे कपडे ठेवणार नाही, आणि ज्यावरचे कागद वहिनी सोडून कोणी हलवणार नाही. पाहुणे आले तरी नाही. शिवाय संध्याकाळी सात ते साडेआठ बेल दादाने उघडायची, रोज, आणि आईचा चष्मा पण त्यानेच शोधायचा. पाटी मी इथून कुरिअरने पाठवते म्हटलं.

आई म्हणाली, चांगलं आहे. वहिनीने नुसता एक हसरा चेहरा टाकला. दादाचं म्हणणं खिडकीपाशी शू-रॅक येणार आहे, वर कुशन टाकलं की बसायला पण होतं. बिल्डरला बदल कळवायची मुदत महिनाअखेरची आहे. दादाने माझा शेवटचा मेसेज अजून वाचलेला नाही, किंवा वाचलाय आणि निळी टिक बंद करून ठेवलीय, त्याचं काही सांगता येत नाही.