द्राक्षबागेचं काय? ‘द्राक्षवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली तासगावच्या ‘द्राक्षवाला’ यांनी लिहिलंय: “कुठं काय उगवेल ते हवामान ठरवतं, हे पुस्तकी गणित. द्राक्ष थंड मुलखातलं, आमच्याकडं गाड्या भरून निघतं. थरच्या वाळवंटात अमेरिकेतला निवडुंग का उगवला नाही? आफ्रिकेत वाघ का नाही? साताऱ्यात बसून नकाशावर पट्टे ओढू नका.”

दादा, पट्ट्यांचा टोमणा आवडला. पण तुमचे वाघ-निवडुंग एका गोठ्यातले आणि द्राक्ष दुसऱ्या.

आधी निवडुंग. एखाद्या जागी कोण जगू शकेल एवढंच हवामान सांगतं. तिथवर कोण पोचलं, हा समुद्र-डोंगरांचा आणि काळाचा हिशेब. तुमच्या बाजूचं याहून भक्कम उदाहरण मीच देतो. इंडोनेशियातल्या बाली आणि लोम्बोक या बेटांमध्ये जेमतेम 35 किलोमीटरची सामुद्रधुनी, हवा जवळपास सारखी. तरी लोम्बोकमध्ये काकाकुवा दिसतो आणि बालीतले कितीतरी आशियाई पक्षी तिथं नाहीत, हे आल्फ्रेड वॉलेस या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकानं 1856 मध्ये टिपलं. ही सामुद्रधुनी खोल आहे. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हाही ती कोरडी पडली नाही. वाघाचंही तसंच, तो आशियात घडला आणि आफ्रिकेपर्यंत गेलाच नाही. सैबेरियाच्या बर्फात आणि सुंदरबनच्या चिखलात राहणाऱ्याला आफ्रिकेची हवा सोसली नसती असं कोण म्हणेल?

निवडुंगाचं खरं कुळ जवळपास पूर्ण अमेरिकेतलं. पण आपल्याकडच्या माळावरचा थोर बघा. मांसल खोड, काटे, पानं असून नसल्यासारखी. खोड तोडलं की पांढरा चीक येतो, म्हणजे कुळ वेगळं. कोरड्या हवेनं दोन खंडांत दोन कुळांना एकच अंगरखा शिवला. आणि अमेरिकेतला फड्या निवडुंग माणसानं इकडं आणला तेव्हा तो इतका माजला की शेवटी कोचिनियलचा किडा सोडून आवरावा लागला. म्हणजे त्याला इथली हवा कधीच नडली नव्हती, आडवा होता तो समुद्र.

आता द्राक्ष, कारण खरा वाद तिथं आहे.

रानटी द्राक्षवेल भूमध्य समुद्राकडून कॅस्पियनपर्यंतच्या मुलखातली (पट्टा पुन्हा आलाच). तिकडं हिवाळ्यात वेल पानं टाकून झोपते, थंडी सरली की आपोआप फुटते आणि वर्षाला एकदा फळते. तासगावला तिला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून तुम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी घेऊन काडी तयार करता, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करता आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावता. तिकडं जे काम हिवाळा फुकटात करतो, ते इथं कात्री आणि औषध करतं. खाली खुंट, म्हणजे ज्या मुळावर वेलीचं कलम बांधतात तो, डॉगरिजचा, म्हणजे टेक्सासकडच्या वेलीचा. कोरड्या, खारवट जमिनीत तग धरतो म्हणून. फळछाटणीनंतर परतीचा पाऊस आला की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं फवारणीचा पंप खांद्यावरून उतरत नाही.

हे सगळं दोन वर्षं थांबवून बघा. बघू नका, नुसतं मनात आणा. बागेत बाभूळ आणि तरवड येतील, वेलीला घड लागला तरी नवल. तुमच्या कष्टाला कमी लेखत नाही, उलट हवामानाची किंमत किती, हे त्या कष्टावरूनच मोजता येतं. आणि ज्या कोरड्या गरम वाऱ्यावर तुमचा बेदाणा वाळतो तो महाबळेश्वरात मागून मिळायचा नाही.

महाबळेश्वरचं नाव निघालं म्हणून सांगतो, मला नकाशा उघडावाच लागत नाही. नैऋत्येचं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि तिथंच रितं होतं. महाबळेश्वरी वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून हवाई अंतरानं शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी, आणि माण तालुक्याचा पाऊस 500 च्या आसपास. एका टोकाला अंजन-जांभळाचं सदाहरित रान आणि त्यात शेकरू, दुसऱ्या टोकाला हिवर, बोर, कुसळी गवत, लांडगा आणि खोकड. शेकरूला माणची हवा सोसेल की नाही हा प्रश्नच येत नाही. त्याला फांदीवरून फांदीवर जायला एकमेकांत गुंतलेली झाडं हवीत, आणि ती पावसाशिवाय नाहीत. बहुतेक प्राण्यांपर्यंत हवामान असं झाडांच्या हातून पोचतं.

एक भर मात्र घालतो. पाऊस पुरेसा असला म्हणजे झाड येतंच असं नाही. कासच्या सड्यावर धो धो पाऊस पडतो, पण जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभर, पावसाळ्यात तुंबलेला आणि उन्हाळ्यात भाजलेला. तिथं वर्षभर उभं राहायला झाडाला जागा नाही, दोन-चार महिन्यांत फुलून बी टाकणाऱ्यांचं मात्र फावतं. आग आणि चराई यांचाही मोठा वाटा असतो, त्यावर वेगळं लिहीन.

शेवटी एक मागणं. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन निसर्ग-अभ्यासकानं 1802 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर कोणती वनस्पती किती उंचीवर आहे ते टिपलं होतं. 2012 मध्ये लोक तिथं पुन्हा गेले तेव्हा वनस्पती वर सरकलेल्या आढळल्या. नेमक्या किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण जुनी नोंद होती म्हणून वाद तरी घालता आला. तुमच्याकडं फळछाटणीच्या तारखांची जुनी वही असेल, तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या तारखा मागं-पुढं झाल्या का, ते इथंच खाली लिहाल का?