हेल्मेट काढल्यावर केसांचं काय करायचं? इंदूरच्या सायकलवाल्यांसाठी सविस्तर

मंडळी, सकाळी पलासियाकडून विजयनगरकडे जाणाऱ्या सायकली बघा. कितीतरी हेल्मेटं हॅन्डलला लटकलेली दिसतात. विचारलं तर उकाडा, वजन, "दोनच किलोमीटर तर जायचंय" अशी उत्तरं येतात. पण पुष्कळदा खरं कारण केस असतात. ऑफिसात पोचल्यावर लगेच मीटिंग असते आणि डोक्यावर चपटे पट्टे उमटलेले असतात. सायकलला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे ते घालायचं की नाही हे माणूस रोज सकाळी आरशासमोर ठरवतो. म्हणून केसांची तक्रार हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. तिच्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे.

आधी हे होतं का, ते बघू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. जुळताना केस ज्या आकारात दाबलेला असेल, तोच आकार धरतो. ओली वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा पडलेल्या असतात, तो प्रकार हाच. हेल्मेटमध्ये घाम म्हणजे पाणी, पॅड म्हणजे दाब, आणि भोकांतून येणारा वारा म्हणजे वाळवण. शिवाय घामातलं मीठ केसांवरच वाळतं, त्यामुळे केस ताठ आणि चरचरीत लागतात.

म्हणजे कोरड्या केसांवर कंगवा कितीही फिरवला तरी भागत नाही. बंध पुन्हा सोडवावे लागतात, आणि त्याला पाणीच लागतं. तेही केसांच्या टोकांना लावून उपयोग नाही, मुळांना लागलं पाहिजे. वळ मुळाशी पडलेला असतो.

पोचल्यावरचा क्रम असा ठेवा. शेवटची पाच मिनिटं वेग कमी करा. उतरल्यावर आधी हेल्मेटच्या मागची, ते डोक्यावर आवळायची चकती सैल करा, मग हनुवटीचं बक्कल काढा आणि हेल्मेट पुढून उचलून मागे न्या. लगेच कंगवा लावू नका. अंग आतून तापलेलं असतं आणि समोरचा वारा थांबलेला असतो, म्हणून डोक्याला आणखी दहा-पंधरा मिनिटं घाम येत राहतो. घाई करून केस बसवले तर ते पुन्हा घामातच वाळतात. बहुतेकांचं इथेच चुकतं. सावलीत किंवा पंख्याखाली थांबा, मानेवर आणि मनगटांवर गार पाणी घ्या.

घाम थांबला की १०० मिलीच्या स्प्रे बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. कानांच्या वर, कपाळाच्या कडेला आणि टाळूवर, म्हणजे जिथे पॅड टेकतात तिथे, पंधरा-वीस दाब पुरतात. बाटली नसेल तर नळाखाली बोटं ओली करून तीन-चार वेळा मुळांतून फिरवा. मग बोटांच्या पेरांनी मुळं दोन्ही दिशांनी चोळा: पुढून मागे, मागून पुढे. जुना भांग मोडेपर्यंत. पातळ पंच्याने दाबून पाणी टिपा, खसाखसा पुसू नका. डोकं खाली वाकवून पंख्यासमोर किंवा हात वाळवायच्या यंत्राखाली दोन-तीन मिनिटं धरलं की मुळं उभी राहून वाळतात. केस जवळजवळ वाळले, किंचित दमट राहिले, की मोठ्या दातांचा कंगवा एकदाच फिरवा. आखूड केसांना वॅक्स लावायचं तर अर्ध्या हरभऱ्याएवढं, तळहातावर पूर्ण पसरवून. जास्त झालं तर संध्याकाळच्या फेरीत ते घामाबरोबर कपाळावर उतरतं.

आता आपल्या हवेची गोष्ट, कारण बाहेरच्या सल्ल्यांत ती नसते. मे महिन्यात इंदुरात पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी. केस हेल्मेटमध्येच वाळून जातात, म्हणजे पोचेपर्यंत आकार पक्का झालेला असतो. तेव्हा पाणी भरपूर वापरा. ऑगस्टमध्ये उलट. केस ओलेच पोचतात आणि हवेत दमटपणा असतो, म्हणून फवाऱ्याची गरज नाही, वेळ वाळवण्यावर घालवा. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत प्लास्टिकच्या कंगव्याने केस विजेने उभे राहतात. लाकडी कंगवा घ्या किंवा तळहात किंचित ओला करून फिरवा. थंडीत हेल्मेटखाली लोकरीची कानटोपी घालतात ते मात्र चूक आहे. जाड टोपीमुळे हेल्मेट वर उचललं जातं आणि पडल्यावर सरकतं. त्यापेक्षा पातळ कानपट्टी बरी.

निघतानाही थोडी काळजी हवी. केस पूर्ण कोरडे असतील तेव्हाच हेल्मेट घाला. अंघोळीनंतर ओल्या डोक्यावर घातलं तर घाम येण्याआधीच वळ पडायला सुरुवात होते, आणि पॅडला कुबट वास लागतो. भांग नेहमीच्या उलट बाजूला पाडून निघा, म्हणजे पोचल्यावर केस आपल्या जागी वळवले की मुळाशी उठाव मिळतो. हेल्मेट कपाळाकडून मागे सरकवत घाला. आत पातळ, गुळगुळीत सायकलिंगची टोपी घातली तर केस पॅडला घासत नाहीत आणि घामही टिपला जातो. टोपी घातल्यावर चकती पुन्हा जुळवा.

बरेचसे वळ चकती फार आवळल्यामुळे पडतात. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे, पट्ट्यांचा व्ही कानाच्या खाली जुळला पाहिजे आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जावीत. चकती एवढीच आवळा की डोकं हलवल्यावर हेल्मेट डुलणार नाही. काही वेळाने कपाळ दुखत असेल तर चकती जास्त आवळलीय, नाहीतर माप लहान आहे. आणि कृपा करून मोटारसायकलचं हेल्मेट सायकलवर घालू नका. ते साधारण सव्वा ते दीड किलोचं, सायकलचं अडीचशे-साडेतीनशे ग्रॅमचं. शिवाय मोटारसायकलच्या हेल्मेटमध्ये वाराही खेळत नाही. सायकलच्या हेल्मेटच्या आत ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असं लेबल असतं, ते बघून घ्या.

लांब केसांसाठी: उंच पोनी आणि अंबाडा दोन्ही नकोत, हेल्मेट नीट बसत नाही. मानेजवळ सैल वेणी घाला, चकतीच्या खाली येईल अशी. केस दाट असतील तर दोन वेण्या. रबरबँडऐवजी कापडी स्क्रंची. रोज घट्ट ओढून बांधल्याने कपाळाकडचे केस विरळ होतात आणि ते फार वर्षं चाललं तर परत येत नाहीत. हेल्मेटने टक्कल पडतं ही भीती मात्र निराधार आहे. क्लचर, पिना, आकडे हेल्मेटखाली ठेवू नका. पडल्यावर ते डोक्यात घुसू शकतात. आपल्याकडे गाडीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळायची सवय आहे. सायकलवर तो हेल्मेटखाली घ्यायचाच असेल तर एकच पदर घ्या, आणि गाठ मानेखाली. मिप्सचं, म्हणजे पडल्यावर आतल्या आत थोडं सरकणाऱ्या अस्तराचं, पिवळं प्लास्टिक असलेल्या हेल्मेटमध्ये लांब केस कडेला अडकून तुटतात, तिथे पातळ टोपी हवीच.

कुरळ्या केसांना वाळल्यावर कंगवा लावला की ते फुलारतात. त्यांना फवारा, नाण्याएवढं लीव्ह-इन कंडिशनर आणि बोटांनी खालून वर मुठीत दाबणं पुरेसं.

केस कापताना न्हाव्याला सांगा: बाजूला तीन नंबर मशीन, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर, आणि वर तीन-चार सेंटीमीटर. सगळ्यात त्रासदायक लांबी पाच ते सात सेंटीमीटर. तेवढे केस उभे राहायला लांब आणि स्वतःच्या वजनाने खाली बसायला आखूड पडतात.

तेलाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. सकाळी खोबरेल चोपडून निघायची आपल्या घरांतली पद्धत सायकलला मानवत नाही. तेल घामाबरोबर पॅडमध्ये उतरतं, तेलकट पॅड घाम शोषत नाही, आणि तो डोळ्यांत उतरतो. वर रस्त्यावरची धूळ चिकटते. तेल रात्री लावा आणि सकाळी धुऊन निघा, किंवा रविवारी लावा. धुण्याचं म्हणाल तर घाम पाण्यात विरघळतो, त्यामुळे रोज शाम्पू लागत नाही. फेरीनंतर साध्या पाण्याने डोकं खळखळून घ्या आणि शाम्पू आठवड्यातून दोन-तीनदा. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी आपल्याकडे एक दिवसाआड, म्हणून पुष्कळ घरांत बोअरिंगचं जड पाणी डोक्यावर पडतं. त्यात साबण फाटतो आणि त्याचा चिकट थर केसांवर बसतो. रिठा-शिकेकाईने किंवा शाम्पूने तसा थर बसत नाही. आठवड्यातून एकदा एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते केसांवर घ्या, मग साध्या पाण्याने धुवा. शेवटचा तांब्या नर्मदेचा राखून ठेवता आला तर उत्तमच.

पोचल्यावर मुळं तेलकट वाटत असतील तर अर्धा चमचा कॉर्नफ्लॉर बोटांनी मुळांना लावा, दोन मिनिटांनी झटका. केस पूर्ण कोरडे असतील तरच, नाहीतर लगदा होतो.

कोंडा वाढला असेल तर त्यावर टोपी हा उपाय नाही. २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे वापरून बघा. तरीही खाज किंवा पुटकुळ्या राहिल्या तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

या सगळ्याचं निम्मं मूळ न धुतलेल्या पॅडमध्ये असतं. वेल्क्रोचे पॅड आठवड्यातून एकदा काढा. काढण्याआधी जागांचा फोटो घ्या, नाहीतर उलटे लागतात आणि टोचतात. कोमट पाण्यात हात धुवायचा सौम्य साबण घालून दहा मिनिटं भिजवा, मुठीत दाबा, पिळू नका, सावलीत वाळवा. पॅड चेपून पातळ झाले की लोक चकती जास्त आवळतात आणि वळ आणखी खोल पडतो, तेव्हा नवा संच घ्या. हेल्मेटच्या फोमला मात्र स्पिरिट, थिनर, परफ्यूम किंवा हेअरस्प्रे लागू देऊ नका, आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेपाशी ते ठेवू नका. फोम आतून खराब होतो आणि बाहेरून दिसत नाही. हेअरस्प्रे वापरायचा असेल तर पोचल्यावर, हेल्मेट दूर ठेवून.

ऑफिस चालवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. सायकलने येणाऱ्यांसाठी बाथरूममध्ये एक आरसा, हेल्मेट अडकवायला दोन खुंट्या आणि दाराजवळ एक पंखा द्या. सकाळची पहिली मीटिंग पंधरा मिनिटं पुढे ढकला.