क्रियापद शेवटी आले म्हणून संयम येत नाही

परकीय भाषेच्या एका क्लासचा मजकूर गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्याकडे तीनदा आला. दोनदा मी तो न वाचताच पुसला. तिसऱ्यांदा तो धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिले, ‘ताई, सोमवारपासून घरात मराठी बंद केलंय, फक्त इंग्रजी.’ तिची मुलगी पाच वर्षांची आहे आणि आमची आई तिच्याकडेच राहते, जिला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. मी स्वतः पुण्यात अठरा वर्षे जर्मन शिकवते, तेव्हा परकीय भाषा शिकू नका असे मी म्हणणार नाही हे उघड आहे. पण या मजकुरावर गप्प बसणेही मला शक्य नाही.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : भाषा विचार घडवते, म्हणून परकीय भाषा, त्यातही जर्मन, शिकणारे मूल शिस्तीचे आणि तर्कशुद्ध होते, त्याचा बुद्ध्यांक वाढतो, म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही, हे सारे सातव्या वर्षाच्या आत व्हायला हवे, कारण पुढे ‘मेंदूची खिडकी’ बंद होते, आणि तोवर घरात मातृभाषा बोलू नये, कारण दोन भाषांनी मूल गोंधळते.

शिस्तीचा पुरावा म्हणून जे दिले आहे ते वाचून मला आधी हसूच आले. जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी येते, ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते, आणि त्यातून संयम अंगी बाणतो म्हणे! मग मराठीत ते कुठे येते? ‘मी उद्या सकाळी आईला घेऊन दवाखान्यात’ एवढे ऐकून पुढे ‘जाणार आहे’ येणार की ‘जाणार नाही’, हे कोणाला कळते? क्रियापदाच्या जागेने संयम येत असता तर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा कधीतरी शांततेत पार पडली असती. शिवाय विधानही अर्धेच खरे आहे. जर्मनच्या साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते, म्हणजे ‘मी खेळतो आज फुटबॉल’ असा क्रम असतो. ते शेवटी जाते ते ‘कारण’, ‘की’, ‘जर’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात. माझे विद्यार्थी गौण वाक्यात फारसे चुकत नाहीत, कारण तो क्रम लहानपणापासून त्यांच्या तोंडात बसलेला असतो. त्यांची गाडी अडते साध्या वाक्यापाशी. तीन लिंगांमुळे तर्कशक्ती वाढते, हा मुद्दाही त्याच जातीचा. तो, ती, ते आपल्याकडे आहेतच. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, टेबल पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी असते. यातला तर्क ज्यांना सापडेल त्यांनी तो मला अवश्य कळवावा, माझ्या वर्गाचे पाठांतर वाचेल.

भाषा विचार घडवते याचा दाखला म्हणून एस्किमोंकडे बर्फाला शंभर शब्द असल्याची कथा मजकुरात नसती तरच नवल. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये चार मूळ शब्दांचे उदाहरण दिले होते. पुढे सांगणाऱ्यागणिक आकडा फुगत गेला. बुद्धी तल्लख होण्याबद्दलही फार लिहिण्यासारखे नाही : १५२ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या एका आढाव्यात, लक्ष आणि मनावरचा ताबा मोजणाऱ्या चाचण्यांत द्विभाषिक प्रौढांची सरशी ठरवण्याइतका पुरावा उरला नाही.

एक मुद्दा मात्र मला नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. परकीय भाषेत विचार करताना माणसाचा निर्णय बदलतो, असे काही प्रयोगांत खरोखरच दिसले आहे. अल्बर्ट कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना विचारले होते की, रुळावरच्या पाच जणांना भरधाव गाडीपासून वाचवण्यासाठी एका माणसाला पुलावरून तिच्यापुढे ढकलाल का? मातृभाषेत प्रश्न आला तेव्हा सुमारे २० टक्के लोकांनी होकार दिला, परकीय भाषेत सुमारे ३३ टक्क्यांनी. परकीय भाषा मनाला तितकी भिडत नाही, हे त्याचे नेहमी दिले जाणारे एक स्पष्टीकरण. याला तर्कशुद्धता म्हणायचे की कोरडेपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जी भाषा आईबापांच्याच मनाला भिडत नाही तिच्यातच लेकराला वाढवा, असा सल्ला त्यातून कसा निघतो हे मला उमगलेले नाही.

मी वर्गात पाहते तो बदल निराळाच असतो. एकदा मी जर्मनमध्ये ‘आम्ही सिनेमाला जातो’ असे वाक्य सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, ‘मॅडम, म्हणजे तुम्हीपण येताय की आम्हीच जायचं?’ जर्मनमध्ये ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या दोहोंना एकच शब्द आहे. आपली भाषा हा भेद इतक्या सहज करते, हे त्या दिवशी पंचवीस जणांना पहिल्यांदाच जाणवले. पण त्यासाठी ‘आपण’ आधी अंगवळणी पडलेले असावे लागते.

आता स्मृतिभ्रंश. ‘हैदराबादच्या डॉक्टरांनी सिद्ध केले’ असा हवाला मजकुरात आहे आणि तो अभ्यास खरा आहे. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात लिहिले की, द्विभाषिकांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली. उशिरा झाली, टळली नाही. आणि नोंदींतून असा संबंध दिसतो, ‘सिद्ध’ होत नाही. शिवाय हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला, म्हणजे तेलुगू, दक्खिनी, हिंदी या आसपासच्या भाषांत आयुष्यभर व्यवहार केलेल्या माणसांत, ज्यांनी क्लासची पायरी कधी चढलेली नव्हती. दोनपेक्षा जास्त भाषांनी आणखी लाभ झाल्याचेही आढळले नाही. ज्या घरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी चालते तिथे या अभ्यासाच्या आधारावर जर्मन विकता येत नाही.

आणि दोन भाषांचे गोडवे गाणारा हा मजकूर शेवटी त्यातली एक काढून घ्यायला सांगतो! दोन भाषांनी मूल मागे पडते हा समज जुना आहे. १९२३ मध्ये वेल्समधल्या ग्रामीण मुलांच्या चाचण्यांनी त्याला बळ दिले. १९६२ मध्ये माँट्रियलमध्ये दहा वर्षांच्या मुलांची घरची परिस्थिती जुळवून तुलना झाली, तेव्हा द्विभाषिक मुले मागे नव्हे, पुढेच निघाली. लहान मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळते, हे खरे. पण ‘बॉल फेक ना’ म्हणणाऱ्या माझ्या भाचीला चेंडू कुठे जायला हवा हे पक्के ठाऊक असते, आणि आजीशी इंग्रजीत बोलायचे नसते हेही, सोमवारपर्यंत, ठाऊक होते.

खिडकीचे म्हणाल तर जवळपास पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीवर आधारित २०१८ च्या अभ्यासात, व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकलेली दिसली. म्हणजे भाचीच्या हाताशी अजून बारा वर्षे आहेत.

हे सगळे मी बहिणीला फोनवर सांगत होते, तेव्हा आईने मध्येच फोन मागून घेतला आणि आवाज खाली आणून विचारले, ‘अगं, ‘रुसलीस का’ला इंग्रजीत काय म्हणतात?’ मी दोन-तीन शब्द सांगून पाहिले. तिला एकही पटला नाही.