विनाकारण साखळी ओढू नये

छताच्या होल्डरातून लोंबणारी मण्यांची साखळी हा माझ्या मते सर्वात निर्मळ मनाचा स्विच. ओढली की टक्‌, लागला. ओढली की टक्‌, विझला. हार्वी हबेलने 1896 साली या करामतीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तिला ना अपडेट लागलं ना पासवर्ड. अशा सुखी जीवाला ‘स्मार्ट’ करायची बुद्धी आपल्याला होते आणि मालकीचा दावा उभा राहतो : दिवा कुणाचा, फोनचा की साखळीचा?

सगळे आधी स्मार्ट बल्ब आणतात. दोन मिनिटांत लागतो, हे खोक्यावर छापलेलं अगदी खरं असतं. छापायचं राहतं ते एवढंच की या बल्बला झोपेतही वीज लागते. ॲपवरून विझवलेला बल्ब विझत नाही. अंधारात कान टवकारून पडून राहतो आणि त्यासाठी अर्ध्या वॉटच्या आसपास खातो. साखळी ओढली की तो खुराकच बंद. मग फोनवर कितीही बोट आपटा, बल्ब ‘ऑफलाइन’. बल्ब झिगबीचा, म्हणजे वाय-फायऐवजी उपकरणांच्या आपापसातल्या बिनतारी जाळ्यावर चालणारा असेल तर शेजारपाजारच्या सेन्सरांचे निरोपही तोच पोचवत असतो. म्हणजे माळ्यावर साखळी ओढायची आणि जिन्यातला सेन्सर मुका व्हायचा. कारण शोधायला माणूस जिन्यात, गुन्हेगार माळ्यावर.

पुढची गंमत तर क्रूर आहे. बऱ्याच बल्बांना मूळ पदावर आणायचं तर तीन किंवा पाच वेळा लागोपाठ बंद-चालू करावं लागतं. आणि दिवा लागत नाही म्हटल्यावर वैतागलेला माणूस काय करतो? साखळी लागोपाठ ओढतो! बल्बला वाटतं, आज्ञा झाली. तो वाय-फायचं नाव-गाव विसरतो आणि लुकलुकत नव्या ओळखीची वाट बघत बसतो. ती ओळख करून देताना राउटरचा 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा चालू ठेवावा, कारण यातल्या बहुतेकांना 5 गिगाहर्ट्‌झची भाषाच कळत नाही.

बल्बच ठेवायचा असेल तर साखळी हाताला येणार नाही इतकी आखूड करावी आणि भिंतीवर बॅटरीचं बटण चिकटवावं. साखळी पक्कडीने तोडायच्या भानगडीत पडू नये. मधल्या पितळी कडीतून खालचा तुकडा सोडवता येतो. तो जपून ठेवा, लागणार आहे. नवी कडी घेतलीच तर मण्याच्या मापाची घ्यावी, 3.2 मिलिमीटरचा मणी मोठ्या कडीतून दुसऱ्याच ओढीला निसटतो आणि साखळी हातात येते.

होल्डर आणि बल्ब यांच्यामध्ये बसणारे स्मार्ट सॉकेटही मिळतात. त्यांनी बल्ब काही सेंटिमीटर खाली येतो आणि काचेचा गोळा बसत नाही. आणि खुराक साखळीच्याच हातात राहिल्यामुळे मूळ भांडण होतं तिथेच. साखळी ओढणारा छोटा यंत्रमानवही बसवता येतो. तो इमानाने ओढतो. पण दिवा लागला की विझला, हे त्याला माहीत नसतं.

मला पटतो तो उपाय एकच : साखळीला नोकरीवरून काढू नका, खातं बदला. तिने वीज तोडायची नाही, निरोप द्यायचा. त्यासाठी होल्डरमागच्या डब्यात रिले मॉड्यूल, म्हणजे फोनचं किंवा स्विचचं ऐकून वीज जोडणारी-तोडणारी डबी, बसवायचं. भिंतीच्या जुन्या स्विचबोर्डात न्यूट्रलसाठी गयावया करावी लागते; इथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही छतापर्यंत आलेले असतात. साखळीच्या दिव्याचा हा एवढाच उपकार, तो घ्यावा.

आधी एमसीबी बंद. साखळीने दिवा विझवला म्हणजे वीज गेली, असं समजणारा माणूस शिडीवरून लवकर उतरतो. मागच्या तारांत फेज कायम असतो. टेस्टर आधी चालू जागी तपासा, मग इथे लावा. फेज ‘एल’ला, न्यूट्रल ‘एन’ला, मॉड्यूलचं आउटपुट होल्डरच्या मधल्या टोकाला, होल्डरच्या आट्याला न्यूट्रल. जुन्या वायरिंगमध्ये हे उलटं सापडतं, तेव्हा बल्ब बदलताना हाताला लागतो तो फेज. साखळीच्या स्विचच्या दोन तारा मॉड्यूलच्या स्विच-इनपुटला. काही मॉड्यूलांना इथे फेज चालतो, काहींना कोरडा संपर्कच, म्हणजे बाहेरून वीज न दिलेला नुसता स्विच, हवा असतो. दुसऱ्या जातीला फेज दिलात तर ते एकदाच बोलतं, तेही धुराने.

खरी गोम चिनीमातीच्या होल्डरात आहे. त्यात स्विच आतच रिव्हेट करून बसवलेला असतो, वेगळ्या तारा निघतच नाहीत. तिथे हट्ट करू नये. साधा होल्डर लावावा आणि साखळीचा सुटा स्विच शेजारी बसवावा. पंख्याखालच्या दिव्याचा स्विच बहुधा सुटाच असतो, फक्त वेगाच्या साखळीशी गल्लत नको. चार टोकं आणि शेजारी कपॅसिटर दिसला तर तो पंख्याचा, हात मागे घ्या. डबा धातूचा असेल तर आतून सिग्नल मिणमिणता येतो. जागाही आधी मोजावी. साधारण 40 मिलिमीटर चौरस मॉड्यूल मावतं, त्याच्या तारा मावत नाहीत. आणि जुन्या तारेचं आवरण वाकवताच तडकत असेल तर स्मार्टपणा तिथेच थांबवून वायरमनला बोलवावं.

शेवटी ॲपमधलं एक सेटिंग. मॉड्यूलला ‘पुश बटण’ सांगितलंत तर दर दुसरी ओढ वाया जाते. ‘स्विचप्रमाणे चालू-बंद’ सांगितलंत तर फोनवरून दिवा विझवल्यानंतरची पहिली ओढ फुकट. ‘प्रत्येक बदलाला उलटा’ हा पर्याय निवडा. मग एक टक्‌, एक काम. राउटर मेला तरीही. आता तो जपून ठेवलेला साखळीचा तुकडा परत लावा.