ऐतिहासिक व्हायचंय? आधी चौक बघा

इतिहासात जागा पाहिजे असेल तर आधी चौक धरून ठेवा. कर्तृत्वाचं नंतर बघता येईल. आपल्या कोल्हापुरात गटारीचा नारळ फोडला तरी डिजिटल फलकावर ‘ऐतिहासिक शुभारंभ’ छापायचं. वर गॉगलमधला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून निम्मं तालीम मंडळ. ‘ऐतिहासिक’ शब्दाचे डिजिटलवाला जादा पैसे घेत नाही.

छत्रपती घराण्यातल्या चिमासाहेबांसारखं मात्र करू नका. 1857 च्या धामधुमीत इंग्रजांच्या डोळ्यांत खुपले, कराचीला कैदेत गेले, 1869 मध्ये तिथंच वारले. चौक मिळाला हो त्यांना, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरता.

पुतळ्याचाही भरवसा नाही. गव्हर्नर विल्सनसाहेब भर चौकात उभे होते. 1942 च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तो पुतळा विद्रूप केला, पुढं तो फुटला आणि 1945 मध्ये त्या जागी शिवाजी महाराज उभे राहिले. साहेबांचं नाव निघतं ते एवढ्यासाठीच. त्या दोघींची नावं तिथं उभं राहून कुणाला विचारू नका, शिवजयंतीच्या डॉल्बीत ऐकू जायचं नाही.

आणि किरकोळ गोष्टींच्या नादी तर अजिबात लागू नका. शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले. चहाच तो! तोफ नाही, तह नाही. 26 जुलै 1902 चा मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम म्हणजे तरी काय, गॅझेटातला कागद. त्याचं काय एवढं, असं म्हणणाऱ्याचं पोरगं त्याच कागदाच्या पुण्याईवर नोकरीला लागलेलं असतं, ती गोष्ट वेगळी. राधानगरीचं धरण महाराजांनीच बांधायला घेतलं. ते वर्षभर गुमान पाणी धरून बसतं तेव्हा कोण बघत नाही, स्वयंचलित दरवाजा उघडला की अख्खा जिल्हा मोबाईलला चिकटतो.

खरं माप फुटांचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 ला गेलं की इशारा, 43 ला धोका. 2005, 2019, 2021, तिन्ही साली पंचगंगा त्याच्या वर गेली. यातला ऐतिहासिक पूर कुठला, यावर कट्ट्यावर अजून भांडणं होतात. ज्याच्या घरात ज्या साली पाणी शिरलं, त्याचा तो पूर खरा. माझं घर चढाला आहे. मला तिथं बोलू देत नाहीत.