मेलेल्या नावाला आधी मरू तर द्या

सकाळी साडेसातला काकांचा फोन. बाबांचे जुने मित्र, नागपूरच्या इतवारीतले. "काऊन रे राजा, तुह्या बाबाच्या साइटवर पत्ते काऊन खेळून राह्यले?" नातवाला शाळेत मारबतीवर, म्हणजे नागपूरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, प्रकल्प दिलेला. काकांनी जुन्या फोटोच्या मागचा पत्ता बघून टाईप केला, तर उघडला जुगार. नातवाच्या समोर. मला चहा गेला नाही.

आमच्या ओळखीतल्या बहुतेकांना बाबा माहीत आहेत. निवृत्तीनंतर दरवर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, छत्री काखेत मारून जागनाथ बुधवारीत उभे. पिवळी मारबत, काळी मारबत, त्या वर्षीचे सगळे बडगे, म्हणजे चालू विषयांवर टोमणा मारणारे पुतळे. फोटो साइटवर टाकायचे आणि प्रिंट काढून मंडळाच्या पोरांना फुकट वाटायचे. प्रत्येक प्रिंटच्या मागे निळ्या शाईचा रबरी शिक्का, त्यात साइटचं नाव. तो शिक्का अजून माझ्या खणात आहे. अर्ध्या इतवारीच्या भिंतींवर, अल्बमांत आज बाबांच्या हाताने मारलेली जुगाराची जाहिरात आहे. हे पचत नाही हो.

झालं असं की बाबा गेले आणि महिनाभरात डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपली. ज्या कंपनीकडून नाव घेतलं होतं तिला फोन केला. पोरीने तारखा वाचून दाखवल्या. एक ईमेल महिनाभर आधी, तेव्हा ते आयसीयूत. दुसरा आठवडाभर आधी, तेव्हा तेरावं आटोपून आम्ही नुकते बसलो होतो. तिसरा मुदत संपल्यावर, आणि तो त्याच डोमेनवरच्या ईमेलला! मुदत संपली म्हणून जो पत्ता यांनीच बंद पाडला, त्याच पत्त्यावर. "सर, आम्ही नियमाप्रमाणे कळवलंय." कळवलंय म्हणे.

नियम मी मग बसून वाचले. आयकॅन नावाची संस्था आहे, कॅलिफोर्नियात, 'डॉट कॉम'सारख्या नावांचे कायदे तिथे ठरतात. २०१३पासूनचा नियम असा की आधी दोन सूचना, नंतर पाच दिवसांच्या आत एक. नाव डिलीट झालं तरी पुढे ३० दिवस जुन्या मालकाला दंड भरून ते सोडवता येतं. मग पाच दिवस थांबायचं आणि त्यानंतर नाव सगळ्यांसाठी मोकळं. वाचून वाटलं, अरे, हे तर माणसांनी केलेलं दिसतंय.

पण मेख पुढे आहे. ते ३० दिवस सुरू होतात डिलीट झाल्यावर. आणि पुष्कळदा कंपनी नाव डिलीट करतच नाही! मुदत संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत नाव तिच्या हातात असतं, तेवढ्यात ती ते लिलावात काढते. आमचं तसंच गेलं. मी फोन केला तेव्हा "सर, ऑक्शन झालं." दंड भरायला मी तयार होतो, घ्यायला कोणी नव्हतं. म्हणजे आठवण करून द्यायची जबाबदारी ज्याची, तुम्ही विसरलात तर पैसा त्याचाच. घरमालकानेच भाड्याची पावती लपवावी, तसं.

हो, न भरलेली नावं जन्मभर अडवून ठेवता येत नाहीत, मान्य. बाबांना तरी हे नाव २०११ साली कोणीतरी सोडलं म्हणूनच मिळालं होतं. बरं, विसरतात तर मोठेमोठेही. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच पैसे भरायला विसरली, हॉटमेल अडकलं, आणि कुठल्याशा भल्या प्रोग्रामरने ३५ डॉलर भरून ते सोडवलं. आम्हाला कोण भला माणूस भेटणार होता?

मागणं फार नाही. मुदत संपलेलं नाव आधी खरोखर डिलीट करा, ते ३० दिवस मालकाच्या घरच्यांना मिळू द्या, मग काय तो लिलाव. आणि एक एसएमएस, बस. विजेचं बिल थकलं तर येतोच ना? सध्या मालकाच्या लक्षात यावं म्हणून डिलीट करण्याआधी साइट बंद ठेवायची सक्ती आठ दिवसांची आहे. आठ दिवसांत आमच्या घरात कोणी लॅपटॉपला हातही लावला नव्हता.

जाऊ द्या. लिहिता लिहिता राग उतरला थोडा. फोटो हार्ड डिस्कवर आहेत, नवीन नाव घेईन. काकांच्या नातवाला संध्याकाळी पेन ड्राइव्ह नेऊन देतो.

बडग्या करणाऱ्या एका मित्राला मात्र आत्ताच सांगून ठेवलंय, यंदा डोमेनवाल्यांचा बडग्या पाहिजे. तो म्हणे, "डोमेन म्हणजे काय ते पाटीवर दोन ओळीत लिहून दे भाऊ, थोबाड मी बनवतो."